१९२३ ची अर्धवट राहिलेली फायनल आणि अमेरिकेतला जुना सॉकर

जर्सीकर_बापू

अमेरिकेत सॉकर पेलेने आणलं, ९४ च्या वर्ल्डकपने रुजवलं आणि आता मेस्सी आलाय म्हणून लोक बघतायत, हे इतक्यांदा ऐकलंय की हल्ली कोणी सुरू केलं की मी सरळ एक मॅच सांगतो. १९२३ ची नॅशनल चॅलेंज कपची फायनल. पॅटरसन एफसी विरुद्ध सेंट लुईसची स्कलिन स्टील, ठिकाण आमचं हॅरिसन, न्यू जर्सी. मॅच २-२. म्हणजे रिप्ले, पुन्हा नव्याने मॅच, आलीच. आणि रिप्लेला स्कलिनवाले फिरकलेच नाहीत! काही जण जायबंदी होते, आणि काही जणांना बेसबॉलचा सीझन तोंडावर आला म्हणून तिकडे हजर व्हायचं होतं. कप पॅटरसनला देऊन टाकला. बरं, पॅटरसनने तरी तो मिरवावा, तर थोड्याच दिवसांत टीमच उचलून न्यूयॉर्कला नेली आणि नावही बदललं.

माझं म्हणणं असं की त्या काळच्या अमेरिकन सॉकरची सगळी कुंडली या एका प्रकरणात आहे. कारखान्याच्या नावाने खेळणारी टीम, डोक्यावर बसलेलं बेसबॉल, मालकाच्या मर्जीने गाव सोडणारा क्लब, आणि या सगळ्यातून टिकून राहिलेला कप.

थोडी पार्श्वभूमी: यूएस फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली ५ एप्रिल १९१३ ला न्यूयॉर्कमध्ये. कपासाठी चषक आधीच तयार होता, व्हिस्कीवाले सर थॉमस ड्यूअर यांनी १९१२ मध्ये दिलेला. पहिली फायनल मे १९१४ मध्ये, ब्रुकलिन फील्ड क्लब २, ब्रुकलिन सेल्टिक १. दोन्ही टीम ब्रुकलिनच्या आणि मॅच पॉटकेटला, ऱ्होड आयलंडमध्ये. बोला आता.

तर दोन प्रश्न. १९३५ पर्यंतची एकच फायनल बघायला मिळाली असती तर तुम्ही कुठली निवडाल? आणि हा खेळ तिथे मेला का मारला?

प्रश्नचिन्ह

हा चॅलेंज कप म्हणजे आत्ताचा यूएस ओपन कपच का? आणि स्कलिन स्टील हे खरंच टीमचं नाव? मला वाटलं कंपनी.

जर्सीकर_बापू

तोच. १९९९ पासून त्याला लमार हंट यांचं नाव दिलंय. मूळ ड्यूअर कप फार नाजूक झाला म्हणून १९७९ ला निवृत्त केला.

आणि कंपनीच आहे ती, ओतकाम कारखाना. फायनल खेळलेल्यांची नावं नुसती वाचा: बेन मिलर्स (टोप्यांचा धंदा), व्हेस्पर ब्युइक (मोटारीची डीलरशिप), रॉबिन्स ड्राय डॉक (जहाजदुरुस्ती), हॉली कार्बुरेटर, ब्रूएल इन्शुरन्स, स्टिक्स बेअर अँड फुलर (कापडचोपडाचं मोठं दुकान), मॅडिसन केनेल, म्हणजे कुत्र्यांच्या शर्यतीवाले. शिकागोचे ब्रिकलेयर्स म्हणजे गवंडी.

पंक्चर

हॉली कार्बुरेटरची फायनल किती किती झाली?

जर्सीकर_बापू

१९२७, डेट्रॉइट. फॉल रिव्हर मार्क्समनकडून ०-७.

पंक्चर

पेट्रोलमध्ये पाणी.

आकडेमोड

बापू, धागा छान पण सुरुवात तीस वर्षं उशिरा केलीत. १९१३ च्या आधी काही नव्हतं असं वाचणाऱ्याला वाटेल.

अमेरिकन फुटबॉल असोसिएशन १८८४ ची, न्यूअर्कमध्ये. तिचा अमेरिकन कप १८८५ पासून. लक्षात घ्या, आपला ड्युरँड १८८८ चा आणि मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा. पहिले तीन अमेरिकन कप ओळीने जिंकले क्लार्क ओएनटीने. ही शिवणाच्या दोऱ्याची गिरणी, न्यूअर्क-कर्नी भागात. मालक स्कॉटलंडमधल्या पेझलीचे, कामगारही बरेचसे तिकडचेच. ओएनटी म्हणजे 'अवर न्यू थ्रेड', हा त्यांच्या रिळाचा ब्रँड होता तोच टीमला चिकटला. ओएनटीच्याच मैदानावर नोव्हेंबर १८८५ मध्ये अमेरिका-कॅनडा मॅच झाली, कॅनडा १-० ने जिंकलं. अधिकृत धरत नाहीत, पण ब्रिटनबाहेर दोन देशांच्या नावाने झालेली ही पहिली मॅच.

मग कप गेला मॅसॅच्युसेट्सला. १८८८ पासून फॉल रिव्हरचं राज्य: रोव्हर्स, ऑलिंपिक्स, ईस्ट एंड्स. एका कापडगिरणीच्या गावात कप जिंकू शकणाऱ्या तीन टीम! लँकाशायरहून आलेले विणकर, दुसरं काय.

तेव्हा माझं मत पहिल्या फायनलला, १८८५, ओएनटी २ न्यूयॉर्क १.

निवांत_नलू

मी फुटबॉलमधलं ओ की ठो जाणत नाही, नुसती वाचत होते. पण क्लार्क, पेझली आणि दोरा म्हटल्यावर राहवेना. हे ते अँकरवाले क्लार्क का हो? भरतकामाच्या जुन्या पुस्तकांत 'क्लार्क्स अँकर' असं छापलेलं असायचं. आमच्याकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आईच्या अँकरच्या लडी असायच्या, नंबरवारी लावलेल्या, हात लावला की ओरडा.

आकडेमोड

नलूताई, अगदी तेच! पेझलीतली क्लार्कांची गिरणी अँकर मिल्स. पुढे १८९६ ला ते जे अँड पी कोट्समध्ये विलीन झाले, आणि भारतात आपल्याला ते मदुरा कोट्स म्हणून माहीत. गंमत पुढेच आहे, बापूंनी वर जी १९१४ ची पहिली फायनल सांगितली ती पॉटकेटच्या कोट्स फील्डवर झाली. तेही दोऱ्याच्या गिरणीचंच मैदान. म्हणजे दोन्ही कपांची सुरुवात तुमच्या डब्यातल्या लडीवाल्यांच्या अंगणात.

निवांत_नलू

बाई गं! आईला सांगितलं. ती म्हणाली मग आपली टीम जिंकली का. सांगितलं, पहिली तीन वर्षं.

डावा_विंगर

कोल्हापूरकर असल्यामुळे दंगा झालेली मॅच निवडणार, त्याला इलाज नाही.

१९१६ ते १८, तीन वर्षं लागोपाठ तीच फायनल: पेनसिल्व्हेनियातली बेथलेहेम स्टील विरुद्ध फॉल रिव्हर रोव्हर्स. एकीकडे पोलाद कंपनीचा पैसा, स्कॉटलंडहून आणलेले खेळाडू, कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी प्रॅक्टिस. दुसरीकडे गिरणगावातली पोरं. १९१६ ला पॉटकेटमध्ये मॅच शेवटाकडे आलेली, शून्य-शून्य, आणि बेथलेहेमला पेनल्टी. गोल. १-०. फॉल रिव्हरची पब्लिक मैदानात घुसली. रेफ्रीचं काय झालं असेल ते शाहू स्टेडियमवर मॅच बघितलेल्याला सांगायला नको.

१९१७ ला पुन्हा पॉटकेट, पुन्हा तेच दोघे. पहिल्याच मिनिटाला टॉमी स्वोर्ड्सने गोल केला आणि मग उरलेली एकोणनव्वद मिनिटं रोव्हर्सनी नुसतं लोंबकळून काढली. १-०, हिशोब चुकता. हा स्वोर्ड्स म्हणजे १९१६ ला स्वीडन-नॉर्वेला गेलेल्या अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्रीय टीमचा कॅप्टन. स्टॉकहोममध्ये स्वीडनला ३-२ ने हरवून आलेले ते.

१९१८ ला पहिली मॅच २-२, रिप्ले बापूंच्या हॅरिसनमध्ये, बेथलेहेम ३-०. (ही रिप्ले झाली, कारण बेसबॉलवाले नव्हते :डोळामारणारी बाहुली:)

माझं मत १९१७. ती एकोणनव्वद मिनिटं बघायची आहेत.

ऑफसाइड

सगळं ठीक, पण कोणीतरी कडू बोलायला हवं. ओएनटी स्कॉटिश, फॉल रिव्हर लँकाशायरचे, बेथलेहेम पुन्हा स्कॉटिश. याला अमेरिकन सॉकर का म्हणायचं? हा परदेशातून आलेल्या कामगारांचा खेळ होता, ते होते तोवर चालला. १९२४ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्यांचा लोंढा आटला आणि खेळही. अमेरिकन माणसाने तो कधी आपला मानलाच नाही. मारला वगैरे काही नाही, उपरा होता, गेला.

मिसुरीकर

ऑफसाइड, आयडीला जागलात.

सेंट लुईसला या आणि हे वाक्य इथे मोठ्याने म्हणून दाखवा. इथे हा खेळ कॅथलिक पॅरिशमधून वाढला. चर्चच्या शाळा, चर्चचे क्लब, आयरिश-जर्मन घरातली इथेच जन्मलेली मुलं. १९०४ च्या ऑलिंपिकला कॅनडाच्या गॉल्टविरुद्ध उतरलेल्या अमेरिकेच्या दोन्ही टीम सेंट लुईसच्याच, एक कॉलेजची आणि एक पॅरिशची. (हरल्या, ७-० आणि ४-०, ते जाऊ द्या.)

आणि १९२०! बेन मिलर्स विरुद्ध फोर रिव्हर, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या क्विन्सीमधलं जहाजबांधणीचं आवार. त्याआधीचे सगळे कप ईस्ट कोस्टवाल्यांनी आपसात वाटून घेतलेले. पश्चिमेची टीम पहिल्यांदाच फायनलला, मॅच सेंट लुईसमध्ये, बेन मिलर्स २-१. आणि टीममधले जवळजवळ सगळे अमेरिकेत जन्मलेले. समोर बहुतेक ब्रिटिश. तुमचा 'अमेरिकन माणसाने आपला मानला नाही' हा मुद्दा त्या दिवशी मैदानात आडवा पडला. पुढे १९५० च्या ब्राझीलमधल्या वर्ल्डकपला इंग्लंडला १-० हरवणाऱ्या अमेरिकेच्या अकरात पाच जण याच गावचे होते.

माझं मत १९२०, चर्चा नको.

कायद्याचंही एक. त्या १९२४ च्या कायद्यात ब्रिटनचा कोटा सगळ्यात मोठ्यांपैकी होता. स्कॉटिश सेंटर-फॉरवर्ड अडवायला तो कायदा नव्हताच, तो इटालियन, पोलिश, ज्यू लोकांना अडवायला होता. आणि आपल्याला तर १९१७ पासूनच दार बंद.

ऑफसाइड

कोट्याचा मुद्दा ठीक आहे. पण मग एक सांगा, बेसबॉल सुरू झालं की तुमचे सेंट लुईसचे हीरो फायनलची रिप्ले सोडून पळतात, हे 'आपला मानणं' कसं?

मिसुरीकर

पोटासाठी. दोन्ही खेळ खेळणाऱ्या कामगार पोराला बेसबॉलचं कंत्राट मिळालं तर तो काय करणार? उलट मी म्हणेन की जो मुलगा उन्हाळ्यात बेसबॉल आणि हिवाळ्यात सॉकर खेळतो त्याच्याहून अमेरिकन कोण.

पंक्चर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आकडेमोड

बेसबॉलवरून आठवलं. १८९४ मध्ये बेसबॉलच्या मालकांनीच प्रोफेशनल सॉकर लीग काढली होती. उद्देश काय, तर हिवाळ्यात स्टेडियम रिकामी पडतात. बॉल्टिमोरने चक्क मँचेस्टर सिटीचे खेळाडू आणले. मॅच ठेवल्या आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी, जेव्हा सॉकर बघणारा कामगार गिरणीत असतो. त्यात नवीन बेसबॉल लीग उभी राहणार अशी कुणकुण लागली आणि मालकांनी तीनेक आठवड्यांत गाशा गुंडाळला. अमेरिकन कपही १८९८ नंतर बंद पडला तो थेट १९०६ ला सुरू झाला, मधे गिरण्यांतली मंदी आणि संप. म्हणजे हा खेळ एकदाच मेला असंही नाही. मरायची सवयच आहे त्याला.

लेहायवाली

मी बेथलेहेमच्या जवळ राहते, म्हणून माझी हजेरी लावणं भाग आहे. पोलादाच्या भट्ट्या अजून उभ्या आहेत, आता त्यांच्या खाली गाण्याचे कार्यक्रम होतात, आम्ही सतरंजी घेऊन जातो. बाजूला कसिनो. टीमसाठी कंपनीने १९१३ मध्ये बांधलेलं स्टील फील्ड आता इथल्या मोराव्हियन युनिव्हर्सिटीकडे आहे. गावात दहा जणांना विचारलं तर नऊ जणांना यातलं काही माहीत नसतं, पाच चॅलेंज कप आणि सहा अमेरिकन कप जिंकलेल्या टीमचं गाव आहे हे!

डावा_विंगर यांनी आमची 'पैसेवाले' म्हणून बोळवण केली त्याचा निषेध. पैसा होता, मान्य. चार्ल्स श्वाबचा कारखाना, लुईस नावाच्या मोठ्या साहेबाला सॉकरचं वेड. पण १९१९ ला हीच टीम स्वीडन-डेन्मार्कच्या दौऱ्यावर गेली होती, अमेरिकन क्लबने युरोपात जाऊन खेळणं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हा. आणि आर्ची स्टार्क! १९२४-२५ च्या सीझनला अमेरिकन सॉकर लीगमध्ये ४४ मॅचमध्ये ६७ गोल. परत वाचा, मी थांबते.

माझं मत १९२६. एबेट्स फील्ड, म्हणजे ब्रुकलिनचं बेसबॉलचं देऊळ, तिथे बेथलेहेम ७ बेन मिलर्स २. स्टार्कची हॅटट्रिक. मिसुरीकर, सॉरी हं.

मिसुरीकर

बघतो आता तुमच्या सतरंजीकडे.

प्रश्नचिन्ह

६७ गोल?? मग हे सगळं गेलं कुठे? १९३० पर्यंत सगळं दणक्यात दिसतंय.

जर्सीकर_बापू

आता मुद्द्यावर आलो. माझं उत्तर, मारला. आणि घरातल्यांनीच.

१९२१ ला अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली. मालक पैसेवाले, स्कॉटलंडहून खेळाडू उचलायला लागले, पगार आणि वर कारखान्यात नोकरी. तिकडच्या पेपरात 'अमेरिकन संकट' म्हणून बोंबाबोंब. पण या लीगवाल्यांना चॅलेंज कप नको असायचा. कारण साधं: भर सीझनमध्ये कपासाठी गावोगाव जा, खर्च आपला, गेटचा वाटा असोसिएशनचा. १९२५ ला त्यांनी आणि सेंट लुईसवाल्यांनी कपावर बहिष्कारच टाकला. १९२८ ला परत तेच, कप सीझन संपल्यावर घ्या नाहीतर आम्ही येत नाही. असोसिएशन म्हणाली येत नाही म्हणजे काय. बेथलेहेम, न्यूयॉर्क जायंट्स आणि न्यूअर्क स्कीटर्स या तिघांनी लीगचं न ऐकता कपात नाव घातलं, लीगने त्यांना काढलं, असोसिएशनने लीगलाच बेकायदा ठरवलं आणि समोर ईस्टर्न लीग उभी केली. एकाच शहरात दोन लीग, तेवढेच प्रेक्षक, दोघांचेही खिसे फाटले. याला सॉकर वॉर म्हणतात. समेट झाला कधी माहितीय? ऑक्टोबर १९२९. त्याच महिन्यात वॉल स्ट्रीट कोसळलं. १९३० ला बेथलेहेम बंद.

डावा_विंगर

बापू, भांडण खरं, पण भांडणाने घर पडत नाही हो, पाया खचला की पडतं. फॉल रिव्हर बघा. कापड गिरण्या दक्षिणेत जायला लागल्या त्या १९२० च्या दशकातच, म्हणजे वॉल स्ट्रीटच्या आधी. १९२८ ला मोठी आग, अर्धा बाजार जळाला. १९३१ ला शहराचं दिवाळं, राज्य सरकारने कारभार हातात घेतला. अशा गावात तिकीट कोण काढणार?

आणि तिथला मालक सॅम मार्क म्हणजे अर्क. मॅसॅच्युसेट्समध्ये रविवारी मॅच लावायला कायद्याची आडकाठी, म्हणून गड्याने स्टेडियम बांधलं राज्याच्या हद्दीपलीकडे, ऱ्होड आयलंडच्या नॉर्थ टिव्हर्टनमध्ये. पब्लिक फॉल रिव्हरची, गवत दुसऱ्या राज्यातलं. चार कप जिंकले त्याच्या मार्क्समननी. पण गाव बुडायला लागल्यावर १९३१ ला टीम न्यूयॉर्कला नेऊन 'यँकीज' नाव लावलं. त्या वर्षीची फायनल यँकीज म्हणून खेळले, पण कपाच्या वहीत नाव फॉल रिव्हरचं, कारण स्पर्धेत नाव घातलं तेव्हा ते फॉल रिव्हर होते. शिकागोच्या गवंड्यांविरुद्ध पहिल्या मॅचला ६-२, त्यातले पाच एकट्या बर्ट पॅटनॉडचे. हाच पॅटनॉड, फॉल रिव्हरचा पोरगा, १९३० च्या वर्ल्डकपमध्ये पॅराग्वेविरुद्ध वर्ल्डकपची पहिली हॅटट्रिक मारणारा. फिफाने ती मान्य करायला २००६ उजाडलं.

आमच्याकडे तालमीच्या टीम आहेत त्याचं मोल इथे कळतं. पाटाकडील, दिलबहार कोणी उचलून पुण्याला नेऊ शकत नाही. टीम पेठेची असते. मालक नाही, त्यामुळे विकायला काही नाही.

ऑफसाइड

रच्याकने, मुंबईत मफतलाल, टाटा, कॅल्टेक्स यांच्या टीमना कूपरेजवर काय गर्दी असायची, त्यांचं काय झालं? गेल्याच ना. रोव्हर्स कपही गेला. तिथे निदान कप उरलाय.

सगुणा_२२

इतके प्रतिसाद झाले आणि बायकांचं नाव नाही. फायनल नाही पण एक सांगते. १९२१ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या एफएने, म्हणजे तिथल्या फुटबॉल असोसिएशनने, आपल्या मैदानांवर बायकांच्या मॅचना बंदी घातली. दुसऱ्या वर्षी प्रेस्टनच्या डिक, कर लेडीज बोटीने अमेरिकेला आल्या. इथे त्यांच्याशी खेळायला बायकांच्या टीमच नव्हत्या, मग काय, पुरुषांशी खेळल्या! लीगमधल्या टीमशी. आणि बापूंच्या लाडक्या पॅटरसनशीही. नऊ मॅच, तीन जिंकल्या, तीन बरोबरीत, तीन हरल्या. कारखान्यातल्या मुली होत्या त्या, डिक कर कंपनीत पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचं काम केलेल्या.

मला यातली कुठलीही बघायला आवडेल, कप गेला खड्ड्यात.

निवांत_नलू

सगुणा, +१. माझंही मत इकडे वळवा. (आईचं ओएनटीलाच.)

सुरमाडी

हल्लीच वाचायला लागलोय हे सगळं. एक नाव राहिलं: हाकोआ. व्हिएन्नाची ज्यू लोकांची टीम, अमेरिकेच्या दौऱ्यावर आली आणि बरेच खेळाडू इथेच राहिले, युरोपातलं वातावरण आणि इथले पगार दोन्ही बघून. १९२९ चा कप न्यूयॉर्क हाकोआने जिंकला, समोर तुमचे ते कुत्र्यांच्या शर्यतीवाले मॅडिसन केनेल. सेंट लुईसला २-०, मग ब्रुकलिनला ३-०, वीस हजारांच्या वर प्रेक्षक. टीममध्ये हाफबॅक बेला गुटमन, जो पुढे कोच म्हणून पोर्तुगालच्या बेनफिकाला १९६१ आणि ६२ असे दोन युरोपियन कप जिंकून देणार होता. शेअर बाजारात त्याचेही पैसे बुडाले.

म्हणून १९२९. सॉकर वॉर चालू असताना, कपावर बहिष्कार असताना इतकी गर्दी. ऑफसाइड म्हणतात तसा उपऱ्यांचा खेळ असेलही, पण मग न्यूयॉर्क शहरच उपऱ्यांचं आहे.

ऑफसाइड

सुरमाडी, हे वाक्य आवडलं. तरी मत बदलत नाही. गोन्साल्व्हिसचं उदाहरण घ्या, बिली गोन्साल्व्हिस, ऱ्होड आयलंडमध्ये जन्मलेला, आईबाप मदेराचे पोर्तुगीज. १९३० ते ३५ सलग सहा कप: दोन फॉल रिव्हरबरोबर, एक न्यू बेडफर्ड, दोन स्टिक्स, एक सेंट्रल ब्रुअरीज. पुढे ब्रुकलिन हिस्पानोबरोबर १९४३, ४४ धरून आठ. याला सॉकरचा बेब रूथ म्हणायचे, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात मोठ्या हीरोचं नाव. बेब रूथ कोण हे अमेरिकेत पोरासोरांना माहीत, गोन्साल्व्हिस कोण हे या धाग्यावरच्या पाच जणांना. माझा मुद्दा एवढाच.

आकडेमोड

पण त्या यादीतच उत्तर आहे बघा. सहा कप, चार टीम. कारण टीम खाली कोसळत होत्या आणि तो पुढच्या टीमवर उडी मारत होता. खेळाडू कमी पडला नाही, पायाखालची फळी कमी पडली.

लेहायवाली

सॉकर वॉर वाचताना सारखं वाटत होतं की हे परवाच वाचलंय. डिसेंबर २०२३ मध्ये एमएलएसने, म्हणजे आत्ताच्या वरच्या फळीतल्या लीगने, जाहीर केलं ना की ओपन कपात आम्ही मुख्य टीम पाठवणार नाही, राखीव टीम पाठवू. कारण काय तर वेळापत्रक. फेडरेशनने नाही म्हटलं, मग तडजोड होऊन २०२४ ला एमएलएसच्या फक्त आठ मुख्य टीम उतरल्या. १९२८ ची भाषा जशीच्या तशी.

आणि २०२२ ला सॅक्रामेंटो रिपब्लिक, दुसऱ्या फळीतली टीम, एमएलएसवाल्यांना हरवत फायनलपर्यंत गेली होती. हरली ऑरलँडोकडून, पण गेली. हे फक्त या कपातच होतं.

जर्सीकर_बापू

नेमकं! म्हणूनच म्हटलं की टीम गेल्या आणि कप उरला. दोन महायुद्धं, मंदी, सगळ्यात तो दरवर्षी झाला, खंड पडला तो कोविडच्या २०२० आणि २१ मध्ये.

आत्तापर्यंतचा कौल: १८८५ ला दोन (नलूताईंच्या मातोश्री धरून), १९१७ एक, १९२० एक, १९२६ एक, १९२९ एक, डिक करला दोन, आणि १९२३ ला फक्त मी. माझ्या फायनलला कोणीच येईना, स्कलिनसारखं.

मिसुरीकर

बापू, स्कलिनला फार झोडपलंत. लागोपाठ तीन फायनल खेळले ते. १९२१ ला रॉबिन्स ड्राय डॉककडून २-४ हरले, १९२२ ला टॉड शिपयार्ड्सला ३-२ ने हरवून कप घेतला, १९२३ ला २-२. दरवेळी समोर ईस्ट कोस्ट, आणि तीनपैकी दोनदा ट्रेनने अर्धा देश ओलांडून. त्या रिप्लेसाठी ताबडतोब पुन्हा अकरा माणसं उभी करा असं म्हणणं सोपं आहे, हॅरिसनमध्ये बसून.

पंक्चर

एक बालसुलभ शंका. १९२५ ला सगळ्या मोठ्यांनी बहिष्कार टाकला म्हणता, मग कप कोणी जिंकला? आणि तो मोजायचा का?

जर्सीकर_बापू

शॉशीन इंडियन्स, अँडोव्हर, मॅसॅच्युसेट्स. शिकागोच्या कॅनेडियन क्लबला ३-०. अमेरिकन वुलन कंपनीच्या वुड साहेबांनी शॉशीनला कंपनीचं अख्खं नमुनेदार गाव वसवलं होतं, त्या गावाची टीम. कप जिंकल्यावर पुढच्या सीझनला मोठ्या लीगमध्ये घेतलं त्यांना. तोपर्यंत वुड साहेब कंपनीतून पायउतार झालेले. सीझन अर्धा होता होताच टीम बंद पडली.

मोजायचा. फॉर्म भरून हजर राहिले, सगळ्या मॅच खेळले.

मिसुरीकर

हजर राहिले हा टोमणा कळला.